स्पीड टेस्ट छान, फोनवर मात्र आवाज तुटतो: छोट्या ऑफिसातल्या इंटरनेट कॉलचं दुखणं

तक्रार सगळीकडे सारखीच असते. जालन्यातल्या बियाण्यांच्या कंपनीचं ऑफिस असो, लातूरच्या क्लासचं प्रवेशाचं काउंटर असो की वाळूजच्या ट्रान्सपोर्टवाल्याची केबिन असो. सहा-सात आयपी फोन, फायबरची १०० एमबीपीएसची लाइन, आणि सकाळी अकरा वाजले की समोरचा म्हणतो, "साहेब, आवाज कट व्हायलाय." स्पीड टेस्ट केली तर ८५-९० दाखवते. इंटरनेटवाला तिकडूनच बघून सांगतो की लाइन ओके आहे. राउटर बंद करून चालू केला की थोडा वेळ बरं चालतं. मग कोणीतरी २०० चा प्लॅन घ्या म्हणतं. तो घेऊनही ऐन कामाच्या वेळी पुन्हा तेच.

बहुतेक ठिकाणी कमतरता वेगाची नसते. अपलोडच्या तोंडाशी रांग लागते आणि आवाजाची पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, त्या रांगेत अडकतात. रांग हटवली तर जुन्याच प्लॅनवर फोन स्वच्छ चालतात. ती हटवली नाही तर प्लॅन कितीही मोठा घ्या, रांग थोडी उशिरा लागेल एवढंच.

एका कॉलला लागतं किती?

आयपी फोनमध्ये सहसा जी.७११ कोडेक (आवाजाचा डेटा बनवण्याची पद्धत) असतो. तो दर २० मिलिसेकंदाला आवाजाचे १६० बाइट भरून एक पाकीट पाठवतो, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. प्रत्येक पाकिटावर आयपी, यूडीपी आणि आरटीपीचा मिळून ४० बाइटांचा पत्ता चढतो. २०० बाइट गुणिले ५० गुणिले ८, म्हणजे ८० केबीपीएस. इथरनेटचं वेष्टण धरलं की ८७.२, आणि लाइन पीपीपीओईवर (यूजरनेम-पासवर्डनं जोडणाऱ्या पद्धतीवर) असेल तर ९०.४. हिशोबाला सोपं म्हणून एका कॉलला जायला १०० आणि यायला १०० केबीपीएस धरा. सहा कॉल एकदम चालले तरी ०.६ एमबीपीएस. २० एमबीपीएसच्या अपलोडमध्ये हे काहीच नाही.

म्हणजे जागा भरपूर आहे. तरी आवाज तुटतो, कारण आवाजाला रुंदीपेक्षा वेळ महत्त्वाची. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीप्रमाणे एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणं सहज वाटतं. पाकिटं मागेपुढे पोचतात ते सावरायला फोनमध्ये एक छोटा साठा असतो, त्याला जिटर बफर म्हणतात. बऱ्याच फोनांत तो ६० ते २०० मिलिसेकंदांचा असतो. त्यापेक्षा उशिरा आलेलं पाकीट फोन सरळ टाकून देतो, कारण शब्दाची वेळ निघून गेलेली असते. फाइल डाउनलोड करताना एक सेकंद उशीर झाला तर कळतही नाही. फोनवर त्या एका सेकंदात अख्खा "हॅलो" जातो.

आता रांग कशी लागते ते बघा. राउटरमध्ये किंवा इंटरनेटवाल्याच्या ओएनयूमध्ये (फायबर येऊन संपते त्या डब्यात) बाहेर जाणाऱ्या पाकिटांसाठी बफर असतो. समजा तो २५६ किलोबाइटचा आहे आणि अपलोड २ एमबीपीएस आहे. २५६ गुणिले ८ म्हणजे २,०४८ किलोबिट. बफर भरला की तो रिकामा व्हायला एक सेकंद लागतो, आणि मागून आलेलं आवाजाचं पाकीट तेवढा वेळ उभं राहतं. मोंढ्याच्या गेटवर सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची रांग लागली की मागच्या मोटारसायकलवाल्यालाही थांबावं लागतं, त्यातलाच प्रकार. स्पीड टेस्टमध्ये हे दिसत नाही, कारण ती गेटमधून तासाला किती माल गेला ते मोजते. मोटारसायकल किती वेळ थांबली हे ती सांगत नाही. अलीकडे काही स्पीड टेस्ट भरल्या लाइनवरचा पिंगही, म्हणजे पाकीट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, दाखवतात. तो आकडा बघा, मोठ्या अक्षरातला नको.

आधी लक्षण ओळखा

आवाजाची प्रत्येक तक्रार बँडविड्थची नसते. हे न बघता राउटरची सेटिंग बदलत बसलं की दिवस जातो.

समोरच्याला आपला आवाज तुटक जातो आणि त्याचा आपल्याला स्वच्छ येतो, तर अपलोड भरलेली आहे. हा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार, आणि पुढचा बहुतेक मजकूर त्याबद्दल आहे. उलट असेल तर डाउनलोड भरलेली आहे किंवा वायफायचा घोळ आहे. एकाच टेबलावरच्या फोनला त्रास आणि बाकीचे ठणठणीत, तर त्या फोनची केबल किंवा स्विचचं पोर्ट बदला. पॅच कॉर्डची क्लिप तुटलेली असते, ती हलते आणि महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

एका बाजूला आवाज अजिबातच जात नसेल, म्हणजे तुटक नाही तर पूर्ण शांतता, तर तो नॅटचा (ऑफिसातले आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलण्याच्या कामाचा) किंवा राउटरमधल्या सिप एएलजीचा दोष. सिप म्हणजे कॉल लावण्या-तोडण्याचे संदेश, आणि एएलजी म्हणजे ते संदेश वाटेत बदलणारी राउटरमधली सोय. कॉल उचलल्यावर बरोबर ३२ सेकंदांनी कटत असेल तरी तसंच. उचलल्याची पोच देणारा संदेश पोचला नाही की सिपचा टायमर ३२ सेकंद वाट बघून कॉल संपवतो. कॉल ठरून १५ किंवा ३० मिनिटांनी कटत असेल तर सेशन टायमर तपासा. त्याची नेहमीची मुदत १,८०० सेकंद असते आणि नूतनीकरण निम्म्या वेळाला होतं. या तिन्ही ठिकाणी बँडविड्थ वाढवून काही होणार नाही. राउटरमधला सिप एएलजी बंद करणं ही पहिली पायरी. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्ये तो आयपी, फायरवॉल, सर्व्हिस पोर्ट्स इथे सिप या नावानं असतो. घरगुती राउटरमध्ये नॅट किंवा सिक्युरिटीच्या पानावर सापडतो.

आणि रात्री नऊ वाजता, ऑफिसात कोणी नसतानाही आवाज तुटत असेल तर दोष लाइनचा आहे. त्याबद्दल खाली आहे.

तीन पिंग, एकाच वेळी

लॅन केबलनं जोडलेला एक कॉम्प्युटर घ्या, वायफायवरचा लॅपटॉप नको. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या उघडा आणि तिन्हीत न थांबणारा पिंग चालू करा, म्हणजे पत्त्याच्या शेवटी -टी जोडा. पहिल्या खिडकीत आपला राउटर, बहुतेक १९२.१६८.१.१. दुसरीत इंटरनेटवाल्याचा पहिला टप्पा. ट्रेसरूट, म्हणजे वाटेतले टप्पे दाखवणारी कमांड, चालवला की आपल्या राउटरनंतर जो पत्ता दिसतो तो. तिसरीत फोन कंपनीचा सिप सर्व्हर. तो पिंगला उत्तर देत नसेल तर ८.८.८.८.

निवांत वेळचे आकडे कागदावर लिहा. मग एखाद्या कॉम्प्युटरवरून ५०० एमबीचा व्हिडिओ गूगल ड्राइव्हवर चढवायला लावा आणि तिन्ही खिडक्या बघा.

पहिला पिंग १-२ मिलिसेकंदांवरच राहिला आणि दुसरा-तिसरा ३० वरून ३००-४०० वर चढला, तर निदान झालं. रांग अपलोडवर आहे. पहिलाच पिंग उड्या मारत असेल तर गडबड ऑफिसच्या आत आहे: स्विच, केबल, किंवा दोन पोर्ट एकमेकांना जोडून कोणीतरी केलेला लूप. पहिले दोन स्थिर आणि तिसरा खराब असेल तर अडचण इंटरनेटवाल्याच्या पहिल्या टप्प्याच्या पुढे आहे, तिथे आपला हात पोचत नाही. मधल्या एखाद्या टप्प्यावर पाकिटं गळताना दिसली पण शेवटच्या पत्त्यापर्यंत सगळी पोचली, तर त्याकडे दुर्लक्ष करा. बरेच मोठे राउटर पिंगला मुद्दाम कमी भाव देतात. त्या आकड्यांवरून इंटरनेटवाल्याशी भांडलात तर तो जिंकेल.

पिंग सेकंदाला एकच पाकीट पाठवतो आणि फोन पन्नास, त्यामुळे बारीक हेलकावे पिंगमध्ये सुटतात. नेमकं बघायचं असेल तर वायरशार्क या नेटवर्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉल पकडा आणि टेलिफोनी मेन्यूत आरटीपी स्ट्रीम्स उघडा. जिटर ३० मिलिसेकंदांच्या आत आणि गळती १ टक्क्याच्या आत असावी. पुष्कळ आयपी फोनांच्या वेबपेजवरही चालू कॉलचे हेच आकडे दिसतात.

अपलोड खातं कोण?

पहिला संशय कॅमेऱ्यांवर घ्या. १०८० पी चा एक कॅमेरा मुख्य स्ट्रीमला साधारण २ ते ४ एमबीपीएस खातो. मालक गावाकडं बसून मोबाइलवर आठ कॅमेरे एचडीमध्ये बघायला लागले की १६ एमबीपीएसच्या पुढे अपलोड एकट्या डीव्हीआरची (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याची). फोन नेमके "मालक बाहेरगावी गेले की" बिघडतात ते यामुळे. डीव्हीआरच्या एन्कोडच्या पानावर सबस्ट्रीमचं (हलक्या दर्जाच्या दुसऱ्या चित्राचं) रिझोल्यूशन कमी, फ्रेम १० ते १२ आणि बिटरेट २५६ ते ५१२ केबीपीएस ठेवा, आणि मोबाइल अॅपमध्ये थेट बघताना सबस्ट्रीम निवडा. रेकॉर्डिंग मुख्य स्ट्रीमचंच राहतं, पुराव्याला कमी पडत नाही.

त्यानंतर ड्राइव्ह आणि वनड्राइव्ह. दोन्हींत अपलोडला मर्यादा घालायची सोय आहे, पण एकक वाचा. तिथे किलोबाइट असतात, किलोबिट नाही. २,००० लिहिलं तर ते १६ एमबीपीएस होतं, २ नाही. टॅलीचा डेटा फोल्डरच ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवण्याची पद्धत बऱ्याच सीएंच्या आणि अडत्यांच्या ऑफिसात आहे. प्रत्येक व्हाउचरनंतर फाइल बदलते आणि पुन्हा चढायला लागते. बॅकअप हवा असेल तर संध्याकाळी सात नंतर टॅलीचा स्वतःचा बॅकअप घेऊन ती फाइल चढवा.

स्टाफचे मोबाइल ऑफिसच्या वायफायवर असतात. सोमवारी सकाळी रविवारच्या लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलमधून एकदम क्लाउडवर चढायला लागतात. पाहुण्यांच्या वायफायला वेगळं नाव आणि २ एमबीपीएसची वेगळी मर्यादा द्या. कोणाला बोलावं लागत नाही, वाईटपणाही येत नाही. विंडोज अपडेटमधलं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनही एकदा बघून घ्या. त्यात इंटरनेटवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरना अपडेट पुरवण्याची परवानगी चालू असेल तर बंद करा.

हे सगळं करून ८० टक्के आराम पडतो. पण तो माणसांच्या शिस्तीवर टिकतो. नवा मुलगा कामाला लागला, त्यानं नवा बॅकअप बसवला की पुन्हा पहिले पाढे. कायमचा उपाय राउटरमध्येच करावा लागतो.

रांग आपल्या ताब्यात घ्या

तत्त्व एवढंच आहे: रांग जिथे वेग सगळ्यांत कमी तिथे लागते. ती इंटरनेटवाल्याच्या ओएनयूत लागली तर तिच्यावर आपलं नियंत्रण नाही. म्हणून आपला राउटर मुद्दाम थोडा हळू करायचा, म्हणजे रांग आपल्याकडे लागते आणि तिथे आपण आवाजाला पुढे काढू शकतो. १० टक्के वेग सोडून द्यायचा आणि बदल्यात फोन घ्यायचा. हा सौदा मालकाला पटवणं हेच बहुतेक वेळा सगळ्यांत अवघड काम असतं, कारण त्याला स्पीड टेस्टचा आकडा कमी झालेला दिसतो.

इंटरनेटवाल्यानं दिलेल्या फुकटच्या डब्यात हे सहसा नीट जमत नाही. त्याच्या मागे स्वतःचा राउटर लावा आणि ओएनयू ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे तो डेटा फक्त पुढे देईल आणि बाकीचं काम आपला राउटर करेल. ब्रिज करून देत नसतील तर दुहेरी नॅटवरही (दोन्ही डबे पत्ते बदलत असतानाही) रांगेचं काम चालतं, फक्त फोन कंपनीच्या सर्व्हरवरच्या फोनच्या नोंदणीचा कालावधी कमी ठेवावा लागतो. राउटर असा हवा की त्यात एफक्यू-कोडेल किंवा केक नावाची रांगेची पद्धत असेल. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मुक्त सिस्टिम) चालणारा कुठलाही बरा राउटर किंवा राउटरओएस ७ वरचा मायक्रोटिक चालतो. या पद्धती प्रत्येक संभाषणाची रांग वेगळी धरतात आणि थोडं-थोडं पाठवणाऱ्याला आपोआप पुढे घेतात. फोनचा कॉल म्हणजे थोडं-थोडं पाठवणाराच, म्हणून पोर्टांच्या याद्या बनवत बसायची गरज पडत नाही. "सिपचं ५०६० पोर्ट प्रायॉरिटीला टाका" असा सल्ला जागोजागी मिळतो. त्या पोर्टवरून घंटी जाते, आवाज नाही. आवाज आरटीपीच्या वेगळ्या पोर्टांवरून जातो. अॅस्टेरिस्क या ऑफिस एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरमध्ये ते मुळात १०,००० ते २०,००० असतात. ५०६० ला पुढे काढलं की फोन झटकन वाजतो आणि आवाज तसाच तुटत राहतो.

मायक्रोटिकवर असं करा:

१. कामाच्या दिवशी अकरा ते एकच्या मधे, केबलवरून, तीनदा अपलोड आणि डाउनलोड मोजा. सगळ्यांत कमी आकडा धरा, सरासरी नको. समजा अपलोड २० आणि डाउनलोड ९० आली.

२. अपलोडची मर्यादा ९० टक्के म्हणजे १८ एमबीपीएस, डाउनलोडची ८५ टक्के म्हणजे साधारण ७६. डाउनलोडला जास्त सूट सोडावी लागते, कारण ती रांग समोरच्या टोकाला लागते आणि आपण फक्त पाकिटं टाकून पाठवणाऱ्याला हळू व्हायला लावू शकतो.

३. आयपी, फायरवॉल, फिल्टर रूल्समध्ये फास्टट्रॅकचा नियम बंद करा. हे विसरलं की पुढचं सगळं व्यर्थ, कारण फास्टट्रॅकमधून जाणारी पाकिटं सिंपल क्यूला (राउटरमधल्या रांगेच्या सेटिंगला) टाळून निघून जातात. आधीच चालू असलेली कनेक्शन्स फास्टट्रॅकमध्येच राहतात, म्हणून राउटर एकदा रीस्टार्ट करा.

४. क्यूज, क्यू टाइप्समध्ये एफक्यू-कोडेल किंवा केक प्रकारची नवी नोंद करा.

५. सिंपल क्यूमध्ये टार्गेट म्हणून ऑफिसचं अख्खं लॅन द्या, कमाल मर्यादा १८ आणि ७६ लिहा, आणि अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये दोन्ही दिशांना वरचा क्यू टाइप निवडा. तो न निवडता मुळातला डीफॉल्ट-स्मॉल ठेवला तर वेग कमी होईल पण आवाज सुधारणार नाही.

६. पुन्हा तीन पिंग लावा, पुन्हा ५०० एमबी चढवा. पिंग निवांत आकड्यापेक्षा फार तर १०-२० मिलिसेकंद वर जावा. तरीही चढत असेल तर मर्यादा १७, मग १६ अशी खाली आणा.

फास्टट्रॅक बंद केल्यावर प्रोसेसरवर ताण येतो. जुना, छोटा मायक्रोटिक १०० च्या पुढच्या लाइनला धापा टाकायला लागतो. सिस्टिम, रिसोर्सेसमध्ये बघा. डाउनलोड चालू असताना प्रोसेसर ९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर डबा बदला.

ओपनडब्ल्यूआरटीवर हेच एसक्यूएमच्या पानावर होतं. इंटरफेस वॅन, क्यू केक, स्क्रिप्ट पीस-ऑफ-केक, लिंक लेयर इथरनेट आणि ओव्हरहेड ४४. वेग किलोबिटमध्ये लिहायचा, १८ एमबीपीएस म्हणजे १८,०००.

घरगुती राउटरच्या अॅपमध्ये "प्रायॉरिटी डिव्हाइस" नावाचं बटण असतं. त्यात लाइनचा खरा वेग भरला नसेल तर राउटरला रांग कुठे लागते ते कळतच नाही आणि बटण शोभेचं राहतं. वेग भरता येत असेल तर वरच्याच हिशोबानं भरा. तीन-चार फोनांच्या ऑफिसला तेवढंही पुरतं.

फोनवर डीएससीपी ४६ (पाकिटावरचा 'आधी सोडा' असा शिक्का) ठेवायला हरकत नाही, पण तो शिक्का आपल्या राउटरपर्यंतच चालतो. सार्वजनिक इंटरनेटवर त्याला कोणी मान देईल असं धरू नका.

कोडेक बदलावा का?

फायबरवर नको. जी.७२९ मध्ये कॉल ८० ऐवजी २४ केबीपीएसवर येतो, पण पाकिटं सेकंदाला पन्नासच राहतात, आवाज मुळातच जरा कोंदट येतो आणि एखादं पाकीट हरवलं तर जास्त खटकतं. फोरजी डोंगलवर ऑफिस चालवायची वेळ आली तर तो कामाचा.

वायफायवरचे फोन

टेबलावरचा आयपी फोन केबलवरच लावा, यात तडजोड करू नका. मोबाइलमधलं सॉफ्टफोन अॅप वापरायचं असेल तर ५ गिगाहर्ट्झवर, आणि राउटर त्याच खोलीत. एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये आणि जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतींआड ५ गिगाहर्ट्झ पोचत नाही. तिथे केबल ओढून दुसरा अॅक्सेस पॉइंट लावा, रिपीटर नको. २.४ वर राहणं भागच असेल तर चॅनेल १, ६ किंवा ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. एक बारकावा: डीएससीपी ४६ चा शिक्का पुष्कळ अॅक्सेस पॉइंट वायफायच्या आवाजाच्या रांगेत न टाकता व्हिडिओच्या रांगेत टाकतात. अॅक्सेस पॉइंटमध्ये ही जुळवणी बदलता येत असेल तर बदला.

दोष लाइनचाच असेल तर

ओएनयूच्या पानावर ऑप्टिकल पॉवर बघा. जीपॉन या फायबरच्या पद्धतीतल्या नेहमीच्या ओएनयूला −८ ते −२७ डीबीएम चालतं. −१५ ते −२५ च्या मधे असेल तर निर्धास्त. −२६, −२७ वर लटकत असेल तर उन्हाळ्यात किंवा पहिल्या पावसात गळती सुरू होणारच. कारण बहुतेक वेळा जवळच असतं: दारात चेमटलेली फायबर, खांबावर फार घट्ट वाकवलेला वेटोळा, किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीनं तोडल्यावर घाईत मारलेला जोड. इंटरनेटवाल्याला "नेट स्लो आहे" असं सांगू नका. "रिसिव्ह पॉवर −२७ आहे, पहिल्या टप्प्यावर ३ टक्के गळती आहे, हे रात्री नऊचे फोटो" असं सांगा. तक्रार वेगळ्या माणसाकडे जाते.

लाइट गेली, आली, आणि फोन वाजेना

हा प्रकार आपल्याकडे इतका आहे की त्याला बँडविड्थच्या तक्रारीतच गणतात. बाहेर फोन लागतो, पण येणारे फोन वाजत नाहीत, आणि तासाभरानं आपोआप सुरू होतात. होतं असं की राउटर रीस्टार्ट झाला की त्यातली नॅटची नोंद पुसली जाते. फोनला मात्र आपली नोंदणी अजून चालू आहे असंच वाटतं, कारण तिची मुदत ३,६०० सेकंदांची ठेवलेली असते. फोनच्या सेटिंगमध्ये नोंदणीची मुदत १२० ते ३०० सेकंद करा आणि कीप-अलाइव्ह (संपर्क टिकवणारा छोटा संदेश) २५-३० सेकंदांना ठेवा.

दुसरं, ऑफिसच्या इन्व्हर्टरवर यूपीएस आणि नॉर्मल असा खटका असतो. तो नॉर्मलवर असेल तर बदलाला लागणाऱ्या क्षणात राउटर बंद पडतो. खटका यूपीएसवर करा. नाहीतर ओएनयू आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस द्या. अडॅप्टरवर लिहिलेल्या अँपिअरची बेरीज करून त्याच्यापेक्षा मोठा घ्या. फोन पीओई स्विचवर (लॅन केबलमधूनच वीज देणाऱ्या) असतील तर तो स्विचही बॅकअपवर हवा, हे हमखास राहून जातं. एवढं करूनही लाइट गेल्यावर नेट जात असेल तर केबलवाल्याच्या चौकातल्या पेटीतली बॅटरी संपलेली आहे. ते त्याला विचारा.

मे-जूनमध्ये विजा कडकडायला लागल्या की तांब्याच्या केबलीवरचे पोर्ट जळतात. दोन इमारतींमधली लॅन केबल छतावरून नेली असेल तर तिथे फायबर टाका. खर्च फार नाही, आणि दर पावसाळ्याला स्विच बदलण्यापेक्षा स्वस्त पडतो.

महिनाअखेरचा आजार

सगळं नीट बसवलं, तीन आठवडे फोन उत्तम, आणि २५ तारखेनंतर पुन्हा तुटायला लागले, तर प्लॅनची डेटा मर्यादा संपलेली आहे. वेग खाली येतो, समजा २ एमबीपीएसवर, आणि आपल्या राउटरमधली १८ ची मर्यादा निरर्थक होते. रांग पुन्हा इंटरनेटवाल्याच्या बाजूला सरकते. अशा प्लॅनला मर्यादेनंतरचा वेग विचारून घ्या, आणि राउटरमध्ये त्याच्या ८५ टक्क्यांची दुसरी क्यू बनवून बंद ठेवा. गरज पडली की एक बंद, दुसरी चालू. २ एमबीपीएसच्या ८५ टक्क्यांत, म्हणजे १.७ मध्येही सहा कॉल बसतात आणि वर १ एमबीपीएस उरतं. फक्त कॅमेरे बघणाऱ्यांना चार-पाच दिवस कळ सोसावी लागेल. प्लॅन वाढवला तरी आकडा बदलायला विसरू नका. २०० चं बिल भरून १८ च्या अपलोडवर बसलेली ऑफिसं कमी नाहीत.